तांबोशीच्या गाबोळीत लाल किडे – फेकावी की खावी?

अलिबागची_सून (धागाकर्ती)

मी मूळची अलिबागची, लग्नानंतर नागपुरात. घरात रोहू-कतलाच जास्त होतो, पण रविवारी मी हट्टाने समुद्राचं काहीतरी आणते. काल अख्खी तांबोशी घेतली. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, वास नाही. पोट फुगलेलं दिसलं म्हणून गाबोळी (अंड्यांची पिशवी) मिळणार याचाच आनंद मोठा होता.

साफ करायला घेतली तर गाबोळीच्या आत तांबूस-तपकिरी लांब किडे, एकात एक गुंतलेले. हलत नव्हते. एक ओढून काढला तो वीतभर निघाला. नळाखाली धरला तर मध्येच फुटला आणि आतून दुधाळ पाणी आलं. मासे साफ करण्यात लहानपण गेलं, पण हे कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाई म्हणतात अख्खा मासा फेक. मासेवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, मोठ्या मासोळीत असतेच ते." पैसे परत द्यायचं नाव नाही. गाबोळी फेकली, मासा डब्यात घालून फ्रीजमध्ये आहे.

मासा शिळा होता का? बाकीचा खाल्ला तर चालेल का? आणि हे किडे आहेत तरी कसले? फोटो चढवायचा प्रयत्न केला, चढत नाहीये.

वऱ्हाडी_खवय्या

बाप्पा! म्हणून मी म्हणत असतो, समुद्राच्या नादी लागू नका. आपली मरळ काय वाईट हाय? जिती घ्यावी, समोर कापून घ्यावी. तिच्यात असलं काई निघत नाई.

पक्का_नागपुरी

सरळ आहे. माल शिळा. मुंबईहून इथे यायला सातशे किलोमीटरच्या वर, मध्ये बर्फ वितळतो, पुन्हा टाकतात. मासा कुजला की किडे पडणारच. मासेवाल्याला सोडू नका, पैसे घ्याच.

शुद्ध_शाकाहारी

यावर एकच उपाय आहे, पण तो सांगितला की धागा भरकटतो असं इथले लोक म्हणतात. म्हणून गप्प.

तेलंगखेडीची_मत्स्या

पक्का_नागपुरी, मासा कुजल्यावर पडतात त्या माशीच्या अळ्या. त्या पांढऱ्या, बोटाच्या पेराएवढ्यासुद्धा नसतात, आणि बाहेरून पडतात: कल्ल्यांत, जखमेवर. बर्फातल्या माशाच्या बंद पोटात, गाबोळीच्या पडद्याच्या आत, वीतभर लांबीचा लाल किडा वाहतुकीच्या दोन-चार दिवसांत तयार होत नाही. तो मासा जिवंत असताना, समुद्रातच तिथे होता.

मी मत्स्य विज्ञान शिकले आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. वर्णनावरून हा फिलोमेट्रा वंशाचा गोलकृमी वाटतो. जात फोटोवरूनही सांगता येत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली नराची शेपटी बघावी लागते. पण लाल रंग, लांबी, जागा आणि पाणी लागताच फुटणं, हे सगळं जुळतं.

जो दिसतो ती नेहमी मादी असते. नर जेमतेम दोन-चार मिलिमीटरचा, मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही. मादी माशाचं रक्त पिते, म्हणून तिचा रंग तसा. पूर्ण वाढलेल्या मादीच्या शरीरात बाकी अवयव नावापुरते उरतात आणि जवळपास सगळी जागा पिल्लांनी भरते, अंडी नाहीत, जिवंत पिल्लं. गंमत अशी की ती बाहेर सोडायला तिला वाटच नसते, ते छिद्र वयानुसार बुजून गेलेलं असतं. मासा अंडी घालायला लागला की त्या अंड्यांबरोबर ही मादी समुद्रात येते, पाणी शरीरात शिरतं, अंग फुगून फुटतं आणि हजारो पिल्लं मोकळी होतात. धागाकर्तीच्या बेसिनमध्ये नेमकं तेच झालं. ते दुधाळ पाणी म्हणजे पिल्लं.

त्या पिल्लांना कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव खातात. त्यांच्या पोटात ती पुढच्या अवस्थेत जातात. मग ते कोपेपॉड, किंवा ते खाल्लेला छोटा मासा, मोठ्या माशाने खाल्ला की कृमी आतड्यातून निघून गाबोळीपर्यंत पोचतो. वाढीचं वेळापत्रक माशाच्या विणीशी जुळलेलं असतं. विणीच्या हंगामाबाहेर तोच मासा कापला तर काही दिसणारही नाही.

हे काही आपल्याच नशिबी आलेलं नाही. जपानमध्ये यामागुती यांनी १९३५ साली यातली एक जात नोंदवली, आणि पुढे कितीतरी वर्षं जगभर कुठेही गाबोळीत लाल किडा दिसला की त्याला तेच नाव चिकटवलं जाई. चेक शास्त्रज्ञ फ्रांटिशेक मोरावेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती गल्लत निस्तरली. २०१३ साली मोरावेक आणि मनोहरन यांनी भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या माशांच्या जननेंद्रियांतून एका झटक्यात चार नव्या जाती नोंदवल्या. हेकरू, तांबोशी, घोळ-ढोमा या कुळांतल्या माशांत हे कृमी जगभर सापडतात.

मासा खा. नीट शिजवून खा. गाबोळीतला फिलोमेट्रा मांसात नसतो, आणि शिजलेला तो कुणाला काही करत नाही.

पक्का_नागपुरी

म्हणजे मासेवाला बरोबर? नागपुरात मासेवाला कधी बरोबर असतो?

बर्फाची_गाडी

यावेळेस आहे भाऊ. मी याच धंद्यात आहे, बाजाराचं नाव सांगत नाही. मोठी मासोळी अख्खीच येते, पोट न फाडता. पोट फाडलं की पाणी सुटते, माल लवकर जाते. मग आत काय हाय हे ना आमाले दिसत ना तुमाले. तांबोशी अन् हेकरूत हे लाल किडे आम्ही नेहमी पाहतो. दुकानात साफ करून देतो तेव्हा पोरगं गुपचूप काढून फेकते, गिऱ्हाईक पळू नये म्हणून. तुम्ही घरी नेऊन साफ केली म्हणून दिसले.

दुसरं, सगळा माल मुंबईचा नसते. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्याची मासेमारी बंद राहते. पूर्वेकडे १५ एप्रिल ते १४ जून. त्यामुळे उन्हाळ्यात मुंबई-गुजरातचा माल, अन् जूनच्या मध्यापासून विशाखापट्टणमकडचा. समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण सुरू झाला तेव्हापासून मुंबईची गाडी लवकर पोचते. पण किडा काही रस्त्यात शिरत नाही.

फक्त शिळं ओळखायचं असेल तर कल्ला पाहा, बोटानं दाबून पाहा. किडा पाहून काई समजत नाई.

अलिबागची_सून (धागाकर्ती)

बर्फाची_गाडी, त्या पोराला सांगा की गुपचूप काढू नकोस, सांगून काढ. मी पळणार नव्हते. मला राग किड्याचा आला नाही, फोनवरच्या "असतेच ते" चा आला.

मत्स्याताई, मग लहानपणी का नाही दिसले हो? आमच्याकडे गाबोळी म्हणजे रोजचं.

तेलंगखेडीची_मत्स्या

घरी रोज येणारी गाबोळी कुठल्या माशाची होती यावर बरंच अवलंबून आहे. शिवाय मासा मोठा आणि वयस्क असला की कृमी असण्याची शक्यता वाढते. पश्चिम ऑस्ट्रेलियात ढूफिश नावाचा एक महागडा, आवडीने खाल्ला जाणारा मासा आहे, त्याच्या गाबोळीत हा प्रकार इतका दिसला की २००२ च्या सुमारास त्यावर वेगळा अभ्यास झाला. अलिबागला ताजी छोटी मासळी, नागपूरला बर्फातली मोठी मासळी, एवढाही फरक पुरेसा आहे.

निवृत्त_आरोग्यसेवक

आमच्या पिढीला हे वाचून एकच आठवतं: नारू. मत्स्याताई, हा त्याचाच भाऊबंद ना? पिल्लांनी भरलेली मादी, पाणी लागलं की पिल्लं सोडणार, मग पाण्यातला बारीक जीव, मग परत माणूस. गोष्ट अगदी तीच.

तरुण मंडळींना कल्पना नसेल. नारूचा रोगी म्हणजे पायावर फोड, तो फुटला की आतून पांढरी लांब मादी बाहेर डोकावायची. साठ सेंटिमीटर ते मीटरभर. ती ओढायची नाही, तुटली तर पाय सुजून माणूस महिनाभर खाटेवर. काडीला गुंडाळत रोज बोटभर बाहेर काढायची. आग होते म्हणून माणूस पाय विहिरीत बुडवायचा, आणि तिथेच ती पिल्लं सोडायची. पायऱ्यांच्या विहिरी म्हणजे नारूचं माहेरच.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत तो होता. १९८३-८४ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. औषध नाही, लस नाही. पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, पायऱ्यांच्या विहिरी बंद करा, पाण्यात टेमेफॉस हे कीटकनाशक टाका, रोग्याला पाण्यात उतरू देऊ नका. बस. देशातला शेवटचा रोगी १९९६ च्या जुलैत राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. लस-औषधाशिवाय, नुसत्या फडक्याने हरवलेला रोग. याचं कौतुक कुणी फारसं करत नाही.

तेलंगखेडीची_मत्स्या

काका, अगदी बरोबर. दोघेही ड्रॅकनक्युलॉइड गटातले. नारूची मादी माणसाच्या कातडीखाली येऊन पाण्याची वाट बघते, हिला माशाच्या गाबोळीत बसून अंडी बाहेर पडायची वाट बघावी लागते. दोघींनाही पाण्यातला कोपेपॉड लागतो.

आणि नारूचा माशाशीही संबंध निघालाय. आफ्रिकेत चाडमध्ये माणसांतला नारू जवळपास संपला तेव्हा तो कुत्र्यांत दिसायला लागला. कुत्र्यांनी खाल्लेली कच्ची मासळी आणि आतडी, त्यांतून तो जात असावा असं संशोधकांचं मत झालं. म्हणून तिथे गावकऱ्यांना माशाची आतडी पुरायला आणि मासा नीट शिजवायला सांगतात. १९८६ साली जगात ३५ लाख रोगी होते, २०२३ मध्ये माणसांत १४.

वऱ्हाडी_खवय्या

थांबा थांबा. नारूची बहीण माशात हाय, अन् तुम्ही म्हणता खा? आता तं मी मरळच खाणार, लिहून घ्या.

तेलंगखेडीची_मत्स्या

लिहून घेते. पण मरळीचं पोट कधी स्वतः फाडलंय का? मरळीत युस्ट्रॉन्जिलायडिस नावाच्या कृमीच्या लाल अळ्या सापडतात, गुंडाळी करून पडलेल्या, कधी मांसातही. तिचं खरं घर पाणकावळा, बगळा असे पक्षी. पक्षी तळ्यावर येतो, विष्ठेतून अंडी पडतात, आणि चक्र सुरू. आपल्याकडे जिथे मालगुजारी तलाव तिथे पाणपक्षी, जिथे पाणपक्षी तिथे हे. फिलोमेट्रापेक्षा माणसाला हीच जास्त त्रासदायक, अमेरिकेत जिवंत छोटे मासे गिळलेल्या लोकांच्या पोटात ती आतडं भेदून गेल्याच्या नोंदी आहेत. शिजवलेल्या मरळीचं भय नाही.

वऱ्हाडी_खवय्या

काहून सांगितलं तुम्ही हे. आता वांग्याची भाजी.

शुद्ध_शाकाहारी

वांग्यात अळी असते. अनुभवाने सांगतो.

फुटाळ्याचा_भटक्या

सिरियस प्रश्न. आता नागपुरातही सुशी मिळते. कच्चा मासा. त्यात हे असेल तर?

तेलंगखेडीची_मत्स्या

तिथे काळजी वेगळ्या कृमीची: अनिसाकिस. तोही समुद्री माशातला गोलकृमी, पण बारीक, पांढुरका, दोन-तीन सेंटिमीटरचा. आतड्यांच्या आजूबाजूला घड्याळाच्या स्प्रिंगसारखा वेटोळा घालून बसतो आणि काही वेळा मांसात शिरतो. त्याचं शेवटचं घर देवमासा आणि डॉल्फिन. माणसाने कच्चा खाल्ला तर तो जठराच्या भिंतीत घुसायला बघतो, काही तासांत पोटात भयंकर कळा. जपानी डॉक्टर दुर्बिणीने बघून चिमट्याने ओढून काढतात.

म्हणूनच कच्चा खायचा मासा आधी गोठवायचा असा नियम बऱ्याच देशांत आहे. अमेरिकेत उणे २० अंशांना सात दिवस, किंवा उणे ३५ ला गोठवून तिथेच १५ तास. शिजवायचा तर मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस. नुसत्या लिंबाने, व्हिनेगरने किंवा मिठात थोडा वेळ ठेवून तो मरत नाही. हॉटेलात विचारा की मासा आधी गोठवला होता का. उत्तर देताना वेटर गोंधळला तर तवा फ्राय मागवा.

एक मात्र खरं, काही लोकांना अनिसाकिसची ॲलर्जी असते आणि ती शिजवल्यानेही पूर्ण जात नाही. मासे खाल्ल्यावर अंगावर पित्त उठत असेल तर डॉक्टरांना हेही सांगा.

पक्का_नागपुरी

ठीक. पण "माणसाला काही करत नाही" हे छातीठोक सांगता? आजवर एकही केस नाही?

तेलंगखेडीची_मत्स्या

खाल्ल्याने नाही. पण एक विलक्षण नोंद आहे, १९८६ साली छापलेली. हवाईतला एक मच्छीमार मासा कापत होता, हाताला उघडी जखम होती, आणि माशातला फिलोमेट्रा गटाचा कृमी त्या जखमेतून आत शिरायला लागला. डॉक्टरांनी काढला. त्यामुळे सांगायचं एवढंच: हाताला चिरा असेल तर अशी गाबोळी उघड्या हाताने चिवडू नका, हातमोजे घाला. बर्फातून आलेल्या मेलेल्या कृमीकडून तीही भीती नाही, पण बंदरावर ताजा मासा कापणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

अलिबागची_सून (धागाकर्ती)

फेकलेली गाबोळी गल्लीतल्या मांजरीने खाल्ली असावी. तिचं काय?

तेलंगखेडीची_मत्स्या

या कृमीने तिला काही होणार नाही, तो माशांपुरताच. पण मांजरीला कच्ची आतडी घालायची सवय लावू नका, त्यातून दुसरे कृमी जातात.

गोरेवाड्याचा_पक्षीमित्र

माणसाचं पुरे झालं, माशाचं काय? जो जीव थेट अंडाशयात बसून रक्त पितो, त्याने माशाची संख्या घटत नाही का? एकीकडे ट्रॉलर, एकीकडे हा.

तेलंगखेडीची_मत्स्या

या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न, आणि उत्तर वाटतं तितकं सोपं नाही.

गाबोळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की नुकसान स्पष्ट दिसतं. रक्तस्राव, सूज, कृमीभोवती तंतूंची भिंत, कुठे मेलेल्या कृमीभोवती जमलेल्या गाठी, दबून वाळलेली अंडी. त्यामुळे बरीच वर्षं गृहीत धरलं होतं की अंड्यांची संख्या घटतच असणार. मग फ्लोरिडात रेड ड्रम या माशावर काम झालं. तो आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातला. २०१४ च्या सुमारास छापलेला निष्कर्ष असा की कृमी अंडाशयाच्या ऊतींचं नुकसान करतो हे खरं, पण त्या माशांची अंडी देण्याची क्षमता त्याने घटलेली दिसली नाही.

विचार केला तर पटतं. या कृमीचं सगळं भवितव्य माशाने अंडी घालण्यावर अवलंबून आहे. मासा विणलाच नाही तर पिल्लांना समुद्रात जायला दारच नाही. घरमालकाला पूर्ण बुडवणारा भाडेकरू स्वतःही रस्त्यावर येतो. म्हणून सगळीकडे असंच असेल असं नाही, माशाची जात, कृमींची संख्या, वय यांवर फरक पडतो. पाळीव प्रजननासाठी समुद्रातून पकडून आणलेल्या मोजक्या माद्यांत तो असेल तर एकेका मादीचं नुकसानही महाग पडतं.

याच्या उलट वागणारा कृमीही आहे, आणि तो गोड्या पाण्यात. लिग्युला नावाचा फीतकृमी. तो गाबोळीत नसतो, पोटाच्या पोकळीत असतो, पांढरा, पट्टीसारखा, माशाच्या पोटात मावणार नाही एवढा वाढतो. पण मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचे संदेश बिघडवून माशाची जननेंद्रियं वाढूच देत नाही. त्याला माशाच्या विणीची गरजच नाही. त्याला मासा बगळ्याच्या चोचीत जायला हवा असतो.

गोरेवाड्याचा_पक्षीमित्र

म्हणजे एकाला मासा विणायला हवा, दुसऱ्याला मरायला. वा.

हेकरूबद्दल एक ऐकलं होतं, तो आधी मादी असतो आणि मग नर होतो. मग आतल्या किड्याचं काय होतं?

तेलंगखेडीची_मत्स्या

हेकरूच्या बऱ्याच जाती तशा आहेत, हो. काही फिलोमेट्रा नरांच्या जननेंद्रियातही मिळतात, पण बहुतेक नोंदी अंडाशयातल्या. मादीचा नर होताना आतल्या कृमीचं नक्की काय होतं यावर कुणी पीएच.डी. करा, मी वाचेन.

मालवणची_माई

सगळं शास्त्र वाचलं. आता गाबोळीचं ऐका, नाहीतर ही पोरगी आयुष्यभर गाबोळी टाकायची.

गाबोळी मोठ्या माशाची असेल तर आधी उजेडाकडे धरून बघायची. पडदा पातळ असतो, आत तांबडी-काळपट रेघ असली तर दिसते. तिथे सुरीच्या टोकाने लांब चीर द्यायची, बोटाने न ओढता सुरीच्या पाठीने सरकवून काढायचं. नळाखाली धरून ओढायचं नाही, फुटतं आणि सगळीकडे पसरतं. खूप असेल, गाबोळी काळी-लिबलिबीत झाली असेल तर टाका, चवच नसते त्यात. एखाद-दुसरा असेल तर तेवढा भाग कापून बाकी ठेवा.

मग मीठ-हळद लावून वाफवायची, मधोमध घट्ट होईपर्यंत. थंड झाल्यावर जाड चकत्या, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, तांदळाचं पीठ आणि रवा, कमी तेलात. कच्चीच तव्यावर टाकली की बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते, चवीलाही वाईट आणि वरच्या बाईंच्या ६३ अंशांनाही.

अलिबागची_सून (धागाकर्ती)

माई, आमची आई पण आधी वाफवते! मासा आज रात्री केला, सगळ्यांनी खाल्ला. सासूबाईंनी नाही, त्यांनी वरण-भात घेतला आणि निवृत्त_आरोग्यसेवक काकांची नारूची पोस्ट मोठ्याने वाचायला लावली, ऐन जेवताना.

पुढच्या वेळी किडा मिळाला तर तुमच्या मत्स्य विज्ञानाच्या कॉलेजात आणून दिला तर चालेल का?

तेलंगखेडीची_मत्स्या

चालेल काय, धावेल. मी आता तिथे शिकत नाही, पण तिथल्या जुन्या मैत्रिणींना सांगते. फक्त साधं पाणी लावू नका, फुटलेला कृमी ओळखायला निरुपयोगी. लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून त्यात धुवा, मग अल्कोहोलमध्ये टाका. ते नसेल तर गाबोळीसकट डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा, तेही चालतं. एवढी खटपट करणारच असाल तर गाबोळीचा एक तुकडाही बरोबर द्या, नर त्यातच कुठेतरी असतो.

बर्फाची_गाडी

मी पण देतो. आठवड्याला कितीतरी निघतात. पोराला सांगून ठेवतो, फेकू नको म्हणून.

तेलंगखेडीची_मत्स्या

मग तर फारच छान. प्रत्येक बाटलीत कागदाची चिठ्ठी टाका: मासा कुठला, माल कुठल्या बंदरावरून आला, तारीख, आणि कुठल्या अवयवात सापडला. पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते.